औषध मारण्याआधी कीड तर ओळखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यापूर्वीच्या घरसफाईवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. झुरळे, ढेकूण, वाळवी, कुंड्यांतली कीड या सगळ्यांवर त्यात एकच उपाय होता, वर्षातून दोनदा पेस्ट कंट्रोल करून घ्या. माझे आयुष्य शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेले. अजूनही आमच्या भागातले लोक 'बाई, हा कोणता किडा?' म्हणत पुडीत नाहीतर औषधाच्या रिकाम्या बाटलीत काहीबाही घेऊन येतात. बहुतेकांनी येण्याआधीच दोन-तीन औषधे मारून पाहिलेली असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार घरोघरी चालला आहे. त्यात पैसा जातोच, कधी जीवही जातो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

झुरळांचेच घ्या. आपल्या घरांत मुख्यतः दोन जातींची झुरळे दिसतात आणि दोघांचे वागणे अगदी निराळे असते. दीड-दोन इंची, तांबूस, मोठे झुरळ गटारात, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये राहते आणि रात्री मोरीच्या जाळीतून वर येते. जाळी नीट बसवली, चेंबरची झाकणे घट्ट केली की त्याचा त्रास निम्म्याहून कमी होतो. दुसरे जर्मन झुरळ, जेमतेम अर्ध्या इंचाचे, फिक्या तपकिरी रंगाचे, डोक्यामागे दोन काळसर उभ्या रेघा असलेले. याचा गटाराशी काही संबंध नाही. ते स्वयंपाकघरातच जन्मते आणि तिथेच मरते. रात्री दिवा न लावता टॉर्च घेऊन ट्रॉलीचा कप्पा काढा आणि बिजागरीच्या खाचेत पाहा. फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरच्या बुडाखाली, गॅसच्या ओट्याच्या फटीत बघा. मिरपुडीसारखे काळे कण दिसले की समजा, वस्ती तिथेच आहे. याची मादी अंड्यांची डबी पोटाला चिकटवून फिरते आणि एकेका डबीत तीस-चाळीस अंडी असतात. फवारणीने वरवरची झुरळे मरतात, पण डबीतली अंडी बहुधा वाचतात आणि काही आठवड्यांत घर पुन्हा भरते.

आमच्या भागातल्या कित्येक सोसायट्यांत दर महिन्याला माणूस येतो, मोरीच्या जाळीत आणि जिन्याखाली फवारतो, सही घेतो आणि जातो. ज्या घरात जर्मन झुरळे आहेत, तिथे या फवाऱ्याचा उपयोग शून्य. तिथे बिजागऱ्यांत आणि फटींत जेलचे बारीक ठिपके लावायला हवेत. झुरळ ते खाते आणि बिळात जाऊन मरते. त्याची विष्ठा आणि कलेवर खाऊन बाकीचीही मरतात. मात्र त्या ठिपक्यांजवळ स्प्रे मारायचा नाही, कारण स्प्रेचा वास लागला की झुरळ जेलला तोंड लावत नाही. घरोघरी नेमके हेच होते. सकाळी जेल लावून घेतात आणि संध्याकाळी झुरळ दिसले की स्प्रेचा डबा उचलतात.

आता ढेकूण. इथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. ढेकूण चावतो, झोप उडवतो, माणसाला रडकुंडीला आणतो. पण त्याच्यामुळे माणसांत रोग पसरत असल्याचे आढळलेले नाही. तरीही सगळ्यात जहाल विष आपण आणतो ते त्याच्यासाठीच. ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी घरात गोळ्या ठेवल्या आणि शेजारच्या घरातली मुले दगावली, अशा बातम्या अधूनमधून आपल्या अंकातही येतात. त्या गोळ्या बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. हा वायू धान्याच्या गोदामात, ताडपत्रीने हवाबंद केलेल्या थप्पीसाठी आहे, माणसे राहतात त्या फ्लॅटसाठी नाही. फ्लॅट हवाबंद होत नाही. पाइपाच्या डक्टमधून, खिडकीच्या फटीतून वायू शेजारी जातो आणि ज्याला कशाचाही पत्ता नाही, तो झोपेत मरतो. कायद्याने या गोळ्या फक्त सरकारी यंत्रणा आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे पेस्ट कंट्रोलवाले वापरू शकतात. तीन ग्रॅमच्या दहा-वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर २००१ सालापासून पूर्ण बंदी आहे. तरीही 'धान्यात टाकायच्या गोळ्या' म्हणून त्या सुट्या मिळतात. ढेकणांवर वर्षानुवर्षे वापरले गेलेले डायक्लोरव्हॉससुद्धा केंद्राच्या २०१८च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२०पासून बंद आहे. 'पूर्वीचे ते कडक औषध आणून देतो' असे कोणी म्हणाले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

ढेकूण घालवायला चिकाटी लागते, वायू लागत नाही. अंगावरचे चट्टे बघून निदान करू नये, डासांचे आणि पिसवांचे चट्टेही तसेच दिसतात. गादीची शिवण उलटून पाहावी. शाईचे टिंब पडल्यासारखे काळे डाग दिसले, पलंगाच्या सांध्यांत पांढरी अंडी किंवा कात सापडली, तरच ढेकूण समजावा. चादरी, अभ्रे, पडदे कडकडीत गरम पाण्यात धुवावेत आणि शिवणींवर वाफेची इस्त्री फिरवावी. पूर्वी खाट अंगणात काढून तिच्यावर आधणाचे पाणी ओतत, त्यात शहाणपण होते, कारण पन्नास अंशांच्या वरची उष्णता ढेकणाला आणि त्याच्या अंड्यांनाही सोसत नाही. पलंगाचे सांधे खोलून, स्विचबोर्डाच्या पट्ट्यांमागे पाहून, आठ-पंधरा दिवसांनी हेच सगळे पुन्हा करावे लागते. एका फेरीत ढेकूण जात नाही. एका फेरीत घालवून देण्याची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

लाकडाच्या बाबतीत तर न बघताच हजारो रुपये जातात. कपाटाखाली पिठासारखा भुगा पडला की लोक वाळवी समजून भिंतीला भोके पाडून औषध भरून घेतात. वाळवी भुगा पाडत नाही, मातीच्या नळ्या बांधत येते. बारीक गोल भोके आणि खाली सुका भुगा, हे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे काम असते. त्याचा इलाज त्या लाकडातच करायचा असतो, भिंतीत नाही. पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमले, तर एक उचलून भिंगाखाली धरा. चारही पंख सारखे आणि कंबर जाड असेल तर वाळवी, पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक असेल तर मुंगी. बाहेरून उडत आलेल्या वाळवीने घाबरण्याचे कारण नाही. आपल्याच दाराच्या चौकटीतून ती बाहेर पडत असेल, तर मात्र जाणकार माणूस बोलवावा.

साठवणीतल्या धान्याचे थोडक्यात सांगते. तांदळातला सोंडेवाला किडा असो की कडधान्याला गोल भोक पाडणारा भुंगा असो, त्यासाठी विषारी गोळी कधीच नको. धान्य चांगले वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, कडधान्याला एरंडेल चोळावे. थोडेसेच धान्य असेल तर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवले तरी पुरते.

गच्चीवरच्या आणि गॅलरीतल्या बागांविषयी मात्र मला जास्त बोलायचे आहे, कारण तिथे हौसेपायी नुकसान होते. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे दिसले की लोक बुरशी समजून बुरशीनाशक मारतात. तो असतो पिठ्या ढेकूण. काडीने पांढरा थर बाजूला करा, खाली गुलबट, मऊ किडे हलताना दिसतील. आणि त्याच फांदीवर मुंग्यांची रांग चढताना दिसेल. पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या येतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. म्हणून आधी मुंग्या थांबवायच्या. कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवावी, भिंतीला टेकलेली फांदी छाटावी. मग जोरदार पाण्याने धुऊन साबणाचे सौम्य पाणी किंवा निंबोळी तेल संध्याकाळी फवारावे. मुंग्या तशाच ठेवून कितीही फवारले तरी पंधरा दिवसांत मागचे पाढे पंचावन्न.

गुलाबाची पाने फिकट, ठिपकेदार झाली आणि खाली बारीक जाळे दिसले तर तो लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, तो कीटकच नाही. नेहमीची कीटकनाशके मारली की त्याला खाणारे किडे मरतात आणि कोळी आणखी फोफावतो. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारत राहिले तरी पुष्कळ फरक पडतो. आणि कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर कृपया तिला मारू नका. ती पुढे हिरवी होते आणि तिचे सुंदर फुलपाखरू होते. झाड मोठे असेल तर चार पाने गेली तरी काही बिघडत नाही.

कीड नेमकी कोणती हे कळल्यावर काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. पपईवरचा एक परका पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूर भागात पहिल्यांदा सापडला आणि बघता बघता महाराष्ट्रापर्यंत आला. पपई, तुती, जास्वंद, सगळे पांढरे पडले. शेतकरी फवारून फवारून थकले. शास्त्रज्ञांनी आधी त्याची जात पक्की केली, तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा हे त्यावरून कळले. मग २०१० साली बंगळुरूच्या कीटकविषयक केंद्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून अ‍ॅसेरोफॅगस पपाये नावाची डोळ्यांना जेमतेम दिसणारी परोपजीवी माशी आणली. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालते. शेतांत सोडल्यावर काही महिन्यांतच कीड आटोक्यात आली. मात्र जिथे फवारणी चालूच राहिली, तिथे ही माशी टिकणे अवघड होते.

फवारणी करणाऱ्या मुलांविषयीही लिहायला हवे. नाकाला नुसता रुमाल बांधून, हातमोजे न घालता ती घरोघरी विष मारत फिरतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा शहरातल्यांनी ती शेतीची बातमी म्हणून वाचली. या मुलांच्या अंगावर पडते तेही विषच आहे.

सोसायट्यांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे. कंत्राट देताना परवाना मागा, औषधाचे रासायनिक नाव पावतीवर लिहून घ्या आणि मूळ बाटली डोळ्यांनी बघा. लेबलवरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल असेल तर ते औषध अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात सौम्य हिरवा. लाल त्रिकोणाचे काहीही घरात मारू देऊ नका. पाण्याच्या जुन्या बाटलीत आणलेले बिनलेबलचे द्रव तर सोसायटीच्या फाटकातूनच परत पाठवा.

आणि आपल्याला एक मागणे. पुरवणीत दर आठवड्याला चार बोटे जागा द्या. वाचकांनी किड्याचा छायाचित्रासह प्रश्न पाठवावा आणि कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याचे नाव आणि उपाय सांगावा. पुण्यात तर १९०७ सालापासूनचे कृषी महाविद्यालय आहे, जाणकारांची वाण नाही. जून ते ऑक्टोबर हे सदर चालले तरी चालेल, कारण माझ्याकडे पुड्या घेऊन येणाऱ्यांची गर्दी त्याच महिन्यांत असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कोथरूड, पुणे