पडलेलं झाड बागेत येऊ द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी 30 वर्षं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवलं. यंदा मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे जर्मनीत फ्रायबर्गला होतो. हे गाव ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलाच्या पायथ्याशी आहे. एका रविवारी लेकीने थालीपिठं बांधून घेतली आणि नातवंडांसह आम्ही सगळे मुलांच्या एका मैदानावर गेलो. तिथे जे पाहिलं, ते आपल्या वाचकांना सांगावंसं वाटतं.

रंगीत खेळणं तिथे एकही नव्हतं. मातीचे उंचवटे, झुडपं, मोठाले दगड आणि जमिनीत रोवलेले वाकडेतिकडे ओंडके. जावई म्हणाले, या गावाने नव्वदच्या दशकातच तयार खेळणी कमी करून अशी मैदानं करायला घेतली. मी आधी लाकूड पाहिलं. रोबिनियाचं. पानं हादग्यासारखी, काटे बाभळीसारखे, आणि कूळही त्यांचंच, शेंगांचं. साल आणि सालीलगतचं पांढरं लाकूड काढून फक्त गाभा ठेवलेला. हा गाभा सहजी कुजत नाही, त्यामुळे औषध मारावं लागत नाही. कडा सगळ्या गोल केलेल्या. मी हात फिरवत गेलो, एक कूस लागलं नाही.

ओंडक्यांच्या मनोऱ्यावर चढायच्या पायऱ्या मात्र एकसारख्या नव्हत्या. एक वीतभर, दुसरी हातभर, तिसरी तिरकी. आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो की जिन्याच्या पायऱ्यांत सुताइतकाही फरक नको. तिथे सात वर्षांच्या नातवाला चढताना पाहिलं आणि हा फरक मुद्दाम का ठेवलाय ते कळलं. सारख्या पायऱ्यांवर पोर पायाकडे बघतच नाही. इथे तो दर पावलाला थांबत होता, लाकूड चाचपत होता, मग वजन टाकत होता. आमची ही खालून ओरडली, "अगं, पडेल तो, उतरव त्याला!" लेक म्हणाली, "आई, पडला तर वाळूत पडेल. त्याचं त्याला उतरू दे." तो उतरला, आणि लगेच पुन्हा चढला. लहानपणी आम्ही वडावर सूरपारंब्या खेळायचो, तेव्हा कुठली पारंबी पेलेल हे हातालाच कळायचं. ते मला पन्नास-पंचावन्न वर्षांनी त्या मनोऱ्याखाली आठवलं.

नात चार वर्षांची. ती हातपंपापाशी रमली. पंपाचं पाणी लाकडी पन्हळीतून खाली वाळूत जातं, मध्ये फळ्या घालून ते अडवता येतं. पण पंप मारून फळीपाशी पळत जावं तर पाणी निघून गेलेलं असतं. एकट्याने जमतच नाही. तिने शेजारच्या एका मुलीला हाताने खुणावलं. ती जर्मन बोलत होती, आमची मराठी. अर्ध्या तासात दोघींनी बंधारा घातला आणि गुडघाभर चिखलात बसल्या. थालीपीठही तिथेच खाल्लं, दोघींनी मिळून.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. युरोपात खेळण्यांसाठी ईएन 1176 नावाचं मानक आहे. मूल जिथून पडू शकेल ती उंची जास्तीत जास्त 3 मीटर. 2 मीटरपर्यंतच्या उंचीवरून पडण्याची शक्यता असेल तर खाली 20 सेंटिमीटर वाळू किंवा लाकडाच्या ढलप्या, शिवाय पायांनी उडून जाते म्हणून वर आणखी 10. माझ्या खिशात टेप असतोच. मी मनोऱ्यावरच्या फटी मोजल्या. एकतर 9 सेंटिमीटरहून कमी, नाहीतर 23 हून जास्त. मधल्या मापाच्या फटीतून पोराचं धड जातं आणि डोकं अडकतं. एवढा विचार करून मगच मुलांना मोकळं सोडलेलं आहे. दर एक ते तीन महिन्यांनी सांधे तपासायचे, वर्षातून एकदा पूर्ण तपासणी करायची, हेही त्याच मानकात आहे.

दोन वर्षांपूर्वी हाच नातू एप्रिलमध्ये आमच्याकडे आला होता. आमच्या गावच्या बागेत झोपाळ्याखाली पेव्हर ब्लॉक आहेत. तो पडला, ओठ फाटला, तीन टाके पडले. पत्र्याची घसरगुंडी तर अकरानंतर हात लावण्याजोगी नसते. त्यानंतर बागेला नवा रंग दिला. ब्लॉक तसेच आहेत.

आपल्याकडे हे खर्चामुळे होत नाही असं मला वाटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पानं, शिंपले, बिया, खडे हीच मुलांची साधनं केली. आणि लाकूड तर आपल्या दारात पडलेलं असतं. गेल्या पावसाळ्यात शाळेजवळची जुनी चिंच कोसळली. तासाभरात करवतीने तुकडे झाले आणि गाडी भरून गेली. चिंचेचं लाकूड तेलाच्या घाण्याला वापरायचे, इतकं ते कठीण. त्या खोडाच्या फांद्या छाटून, टोकं गोल करून ते आडवंच बागेत नेऊन ठेवलं असतं, तर मुलं त्यावर वर्षानुवर्षं चढली असती.

वाळवीचं काय, असं लोक विचारतील. रास्त आहे. म्हणून खांब मातीत गाडायचा नाही. लोखंडी बूट घालून जमिनीपासून चार बोटं वर ठेवायचा. लाकूड बाभळीचं घ्यायचं, तेही गाभ्याचं. बैलगाडीची चाकं आपण त्याचीच करत होतो. नदीची वाळू मिळत नसेल तर वखारीत आणि छाटणीत निघणाऱ्या ढलप्या चालतील, फक्त खिळे निवडून काढायला हवेत.

माझी एकच मागणी आहे. झाडांच्या संरक्षणाच्या 1975 च्या कायद्यान्वये शहरांत वृक्ष प्राधिकरणं आहेत. झाड तोडायला परवानगी देताना, आणि वादळात पडलेलं झाड उचलताना, त्याचं खोड आधी जवळच्या बागेला विचारावं, मग लिलावात काढावं. तेवढी एक ओळ परवानगीत घालावी. आणि झोपाळ्याखालचे ब्लॉक पुढच्या पावसाळ्याआधी उखडावेत. आमच्या बागेत हे काम निघालं तर मी स्वतः येईन, मजुरी घेणार नाही. हत्यारं अजून धारेची आहेत आणि माझे चार-पाच जुने विद्यार्थी याच गावात आहेत.

आपला,
एक निवृत्त सुतारकाम निदेशक
जि. सातारा