विन्या, उजेड उतरला!

प्रिय विन्या,

फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून पत्र.

काल एचडी १८९७३३ या ताऱ्याचा ग्रह त्याच्यापुढून जाताना पकडला. आपल्या गच्चीवरून, आपण घासलेल्या आठ इंची आरशानं! जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाला लागूनच आहे बघ. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून उजेड मोजत बसलो. आलेख सरळ चालला होता, मग उतरला, अडीच टक्क्यांच्या आसपास. तासाभरानंतर परत वर चढला. गुरूहून थोडा मोठा ग्रह, आणि सव्वादोन दिवसांचं वर्ष. ६४ वर्षांपूर्वी तिथून निघालेल्या उजेडात त्यानं पाडलेली ती खोट आपल्या आरशावर पडली रे!

१९९५ मध्ये मायर आणि केलोझ या खगोलशास्त्रज्ञांनी ५१ पेगासी ताऱ्याचा ग्रह जाहीर केला, तेव्हा तू पहाटेपर्यंत भांडलास. गुरूच्या जातीचा ग्रह चार दिवसांत फेरी मारूच शकत नाही, ताराच धडधडतोय म्हणे. १९९९ ला एचडी २०९४५८ ताऱ्यापुढून ग्रह सरकताना दिसला, तरी तुझं आपलं तेच. आलेख सोबत जोडलाय. बादशाहीतलं जेवण तुझ्याकडे लागू.

पण झोप उडालीय ती वेगळ्याच कारणानं. आपली इमारत पुनर्विकासाला चाललीय. नव्या नकाशात वर सोलर पॅनेल, टाक्या आणि उरलेली जागा वरच्या फ्लॅटवाल्याला. बैठकीत गच्चीचा विषय काढला की सगळे पार्किंगवर घसरतात. दुर्बीण उचलून नेता येईल, पण तुझ्या बाबांनी तिच्यासाठी ओतून घेतलेला खांब? सुमा म्हणते, शाळेला देऊन टाक. सिंहगडाच्या पायथ्याशी ने, असंही सुचवून झालं. अरे, ग्रह पुढून जातो तेव्हा निम्म्या वेळा इथे दिवस असतो, उरलेल्यांत ढग. जमलेली रात्र सापडली की जिना चढून लगेच झाकण काढता आलं पाहिजे. आणि आरसा एकट्यानं कुणाला देऊन टाकायचा माझा हक्क नाही. कडेचा टवका तुझ्या पाळीत उडालाय, तेवढा भाग तरी तुझा.

आईचे गुडघे तसेच, बाकी ठीक. मुलीचं ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव. बदलीचं काय झालं?

डिसेंबरात जंबुक संध्याकाळीच समोरच्या टॉवरमागे जातो. त्याआधी ये. बैठकही तेव्हाच आहे, माझ्या शेजारी बस आणि माझ्याशी भांडायचास तसा त्यांच्याशी भांड.

तुझा,
नंदू