सूचना : १९ जूनची बैठक

मैत्रिणींनो, या महिन्याची बैठक १९ जूनला संध्याकाळी साडेपाचला, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. तारीख मुद्दाम निवडली आहे. युद्धातल्या लैंगिक हिंसाचाराविरुद्धचा हा आंतरराष्ट्रीय दिवस.

आधी आफ्रिकेतल्या रवांडाबद्दल, तिथल्या १९९४ च्या वंशसंहाराबद्दल बोलू. तिथल्या ‘ताबा’ नावाच्या भागाचा महापौर अकायेसू याच्यावर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. त्याच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. खटला चालू असताना एक आई साक्ष देता देता आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय झालं ते सांगून गेली. न्यायाधीशांनी तिला पुढे विचारलं, म्हणून ते नोंदलं गेलं. त्या तीन न्यायाधीशांत नवी पिल्ले या एकट्याच स्त्री होत्या. १९९७ मध्ये आरोपपत्र बदललं आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हा वंशसंहाराचाही भाग ठरला. प्रश्न विचारलाच नसता तर? मला हा विचार सोडत नाही.

हे लांबचं वाटत असेल तर आपलं देसाईगंज आठवा. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमतीच, असं धरून सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला.

आणि एक कळकळीची विनंती. अत्याचाराचे व्हिडिओ, पीडितेचं नाव किंवा फोटो ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणं गुन्हा आहे. बैठकीत ऐकणं जड गेलं तर खुशाल बाहेर येऊन बसा. कुणी कारण विचारणार नाही.