दिगूस पत्र

प्रिय दिगू,

राम राम, आणि आमचा सलाम.

तुझ्या पोराने फोनवर विचारलं, 'काका, मुंबईला दाखवायचं का?' त्याला आशीर्वाद सांग, पण आता कुठे दाखवण्यासारखं राहिलं नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर लिव्हरमध्ये पोचला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी पित्ताच्या नळीत स्टेंट टाकला, कावीळ थोडी उतरली, मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी सगळं नीट सांगितलं. आता मॉर्फिनच्या गोळ्या, दर चार तासांनी. सून गजर लावून देते, रात्रीचीही चुकवत नाही. गोळीने पोट धरतं, म्हणून रेचक सोबत. पुढच्या खोलीत कापूस भरून पडला आहे, चांगला भाव येण्याची वाट पाहत. तेव्हा अंगाला खाज सुटते ती काविळीची की कापसाची, मलाच कळत नाही.

आमच्या चर्चचे वडीलजन आले, बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. बरं वाटलं. पण बाहेरगावचा एक उपदेशक हिच्यासमोर बोलून गेला, 'विश्वास कमी पडतो, म्हणून गुण येत नाही.' ही आत जाऊन रडली. अंगात ताकद असती तर त्याला फाटकापर्यंत पोचवून आलो असतो! अरे, येशूने लाजराला कबरेतून बाहेर बोलावलं, पण तो लाजरही पुढे कधीतरी गेलाच ना? हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्यात भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने 15 वर्षं वाढवून दिली. त्याच गोष्टीत यशया संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो, म्हणजे औषध घेणारा काही अविश्वासी ठरत नाही. आणि 15 वर्षं सरल्यावर राजाही गेला. बरं करणं देवाच्या हाती आहे, मीही रोज मागतो. पण माझी आशा त्यावर टांगलेली नाही. जो मरणातून उठला आणि पुन्हा मेला नाही, त्याच्यावर आहे.

तू विचारशीलच, 'काऊन बे, भेव वाटते काय?' वाटते. रात्री दोनच्या गोळीआधी जास्तच. गेथशेमाने बागेत प्रभूनेच 'हा प्याला टळू दे' म्हटलं, मग मी कशाला शूरपणा दाखवू? अशा वेळी 88वं स्तोत्र वाचून घेतो. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे अंधारातच संपतं. पण गाऱ्हाणं देवापाशीच घातलेलं आहे, तेवढं मला पुरतं.

हे सगळं तुलाच लिहितो, कारण तू समजूत काढायला बसत नाहीस.

आता कामाचं. हिज्कीयालाही आधी घराची व्यवस्था लाव असंच सांगितलं होतं. वारसाची नोंद होताना सातबाऱ्यावर लेकीचंही नाव लागलं पाहिजे. थोरला कुरकुर करेल, तू समोर बस. पीककर्जाचे कागद लोखंडी पेटीत आहेत. आणि मातीच्या वेळी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं म्हणायची, अभंगाच्या चालीवर. आमच्या पोरांचं कीबोर्डशिवाय पान हलत नाही, म्हणून तुझ्या दिंडीतले टाळ घेऊन ये. पास्टरांना विचारून ठेवलं आहे. ते म्हणाले, मृदंगवालाही आणा.

तुझा,
सामू