बाळूच्या अंगठ्याबद्दल

भोसरी,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय दिल्या,

बाळूचा अंगठा मिलमध्ये गेला त्यावरून परवा तू फोनवर विचारलंस, "बाळूला पैसे किती दिवस मिळतील?" आणि मी नुसतं "बघतो" म्हणून फोन ठेवला. राग मानू नकोस. शिफ्ट सुटायची वेळ, मागे पत्रा दाबायचे प्रेस दणदणत होते, आणि ही गोष्ट दोन वाक्यांत सांगण्यासारखी नाही. आज रविवार, म्हणून लिहायला बसलोय. अक्षर वाकडं दिसेल. पेन अजून अंगठा आणि मधल्या बोटातच धरतो.

माझं बोट गेलं तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय वरचा भाग खाली येऊ नये, म्हणजे हात आत जाणारच नाही. आमच्याकडे उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली, नग जास्त निघावेत म्हणून. पत्रा सरळ करायला हात घातला आणि तर्जनीची दोन पेरं गेली. लगेच दुखलंसुद्धा नाही रे. हातमोज्याचं बोट चपटं दिसलं तेव्हा कळलं.

रिक्षात बसवताना सुपरवायझर कानात म्हणाला, "घरी लागलं म्हणून सांग, बाकी साहेब बघतील." मी हो म्हणणारच होतो. पण शेजारच्या मशीनवरचे मामा सोबत आले होते, ते म्हणाले, "कामावर लागलं असंच लिहून घ्यायचं. नाहीतर जन्मभर रडशील." तेव्हा त्यांचं बोलणं जास्तीचं वाटलं होतं. पण हिशोब बघ. घरी लागलं म्हटलं असतं, तर ईएसआयकडून, म्हणजे सरकारी कामगार विम्यातून, आजारपणाचे पैसे मिळाले असते: पगाराच्या ७० टक्के, तेही वर्षात फार तर ९१ दिवस. कामावरची इजा म्हटल्यावर ९० टक्के, आणि त्याला दिवसांची मर्यादाच नाही. डॉक्टर जोवर कामाला अयोग्य लिहितो तोवर, रविवार धरून.

माझे ७४ दिवस झाले. मग एक दिवस डॉक्टरने बोट इकडून तिकडून दाबलं आणि 'फिट' लिहिलं. जखम भरली होती हे खरं, पण मला चहाचा ग्लास धरता येत नव्हता. त्या दिवसापासून ते पैसे बंद.

बंद म्हणजे संपले नाहीत, हे मला पाच महिन्यांनी कळलं. मेडिकल बोर्डाने हात बघितला. कायद्याच्या तक्त्यात प्रत्येक पेराचा भाव ठरलेला असतो, बाजारात पेंडीचा असतो तसा. तर्जनीची दोन पेरं ११ टक्के. माझा रोज सरासरी ६०० धरला, त्याचे ९० टक्के ५४०, त्याचे ११ टक्के म्हणजे रोज ५९ रुपये ४० पैसे. महिन्याला सतराशे ऐंशीच्या आसपास, मरेपर्यंत. आता पुन्हा पूर्ण पगार घेतोय तरी हे चालूच. हसशील, पण दोन सिलिंडर निघतात त्यात.

आता बाळूचं. करवतीच्या मिलमध्ये सहाच माणसं, म्हणजे ईएसआय नाही. कारखान्यात त्याला किमान दहा लागतात. त्याला कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागतो आणि तिथं पैसे मालकाच्या खिशातून निघतात. घरी बसलेल्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के. त्याचा पगार १२,००० ना? मग पंधरवड्याला ३,०००. हे जास्तीत जास्त पाच वर्षं. २८ दिवस किंवा जास्त घरी बसला असेल, तर अपघाताच्या दिवसापासून मोजतात. दवाखान्याचा खर्चही मालकाचाच.

पण अंगठा काही परत यायचा नाही. त्याचे एकरकमी मिळतात, मग विषय मिटला. पूर्ण अंगठा ३० टक्के. बाळू तीस वर्षांचा, त्या वयाला कायद्याच्या तक्त्यातला आकडा २०७.९८. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ७,२००, गुणिले तो आकडा, त्याचे ३० टक्के. मी तीनदा गुणाकार केला: ४,४९,२३७ रुपये. आणि मालक पन्नास हजार देऊन स्टॅम्पपेपरवर सही मागतोय म्हणालास! हक्क सोडल्याच्या असल्या सहीला कायद्यात किंमत नाही, तरी करू देऊ नकोस. एकदा सही झाली की पुढचं भांडण बाळूच्याच अंगावर येतं. महिन्याच्या वर पैसे थकवले तर १२ टक्के व्याज लागतं, हेही मालकाच्या कानावर घाल. जमलं तर चारचौघांत.

कामगार नुकसानभरपाईच्या आयुक्ताकडे अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत टाकायचा. त्याआधी, म्हणजे उद्याच, मिलच्या हजेरीच्या वहीचा फोटो काढून ठेव. तिथल्या कुणाला तरी गोडीत घेऊन. वह्या फार लवकर भिजतात रे अशा वेळी.

उद्या राखीपौर्णिमा. ताईला मी विचारलंय म्हणून सांग. आणि बाळूला म्हणावं, शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायची सवय आत्ताच कर. मला तीन महिने लागले, आणि वरचं बटण अजून बायकोच लावते.

तुझा,
शऱ्या