डॉनकाका, टेप चालू ठेवल्याबद्दल आभार

डॉन झिएंटारा यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, आणि पत्र मराठीत असल्याने तुमच्यापर्यंत पोचेल असंही वाटत नाही. तरी लिहितोय. 'मायनर थ्रेट' या अमेरिकन पंक बँडचा विषय निघाला की आधी त्यांचा गायक इयन मकाय याचं नाव येतं, मग डिस्कॉर्ड या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचं, मग दारू-सिगारेटपासून लांब राहणाऱ्या 'स्ट्रेट एज'वाल्यांचं. व्हर्जिनियात, आर्लिंग्टनच्या एका घराच्या तळघरात टेप मशीन लावून बसलेल्या माणसापर्यंत, म्हणजे तुमच्यापर्यंत, गप्पा पोचतच नाहीत.

एप्रिल १९८१ मध्ये ही वॉशिंग्टनची पोरं तुमच्या 'इनर इअर' या तळघरातल्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला आली, तेव्हा बँडला जेमतेम चार-पाच महिने झाले होते. बेस वाजवणारा ब्रायन बेकर १६ वर्षांचा. गाणी आठ, सगळी मिळून दहा मिनिटंसुद्धा नाहीत. एक तर पाऊण मिनिटात खलास! एखाद्या मोठ्या स्टुडिओतल्या साहेबांनी आधी त्यांना आवाज कमी करायला लावला असता आणि मग जरा सावकाश वाजवा म्हणून सांगितलं असतं. त्या रेकॉर्डमध्ये असलं काही ऐकू येत नाही. मकाय जीव तोडून ओरडतो, ड्रम धावत सुटलेले असतात, आणि तरी शब्द न शब्द कळतो. मी स्वतः ड्रम वाजवायचो, त्यामुळे हे किती अवघड आहे याची थोडी कल्पना आहे.

बँड टिकणारा नव्हताच. त्याच वर्षी गिटारवाला लाइल प्रेस्लर कॉलेजसाठी इलिनॉयला निघून गेला आणि सगळं बंद पडलं. १९८२ मध्ये पुन्हा जमले, बेसवर स्टीव्ह हॅन्सगेन आला, बेकर दुसऱ्या गिटारवर गेला. जानेवारी १९८३ मध्ये पुन्हा तुमच्याकडेच रेकॉर्डिंग. मग हॅन्सगेन बाहेर. पुढे कसं वाजवायचं यावर एकमत होईना. २३ सप्टेंबर १९८३ ला लॅन्सबर्ग कल्चरल सेंटरमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला.

खरे आभार मानायचेत ते त्यानंतरच्या एका दिवसाचे. १४ डिसेंबर १९८३. शेवटचा कार्यक्रम होऊन जवळजवळ तीन महिने उलटले होते, आणि ही चौघं परत तुमच्या दारात. मकाय शेवटी शेवटी सरावाला दांड्या मारायचा म्हणतात. या गाण्यांचे शब्दही त्याने स्टुडिओतच लिहिले. अशा चार जणांना एका खोलीत बसवून काम करून घेणं काय असतं, हे बँडमध्ये राहिलेल्यालाच कळेल. त्या दिवशी 'सॅलड डेज' टेपवर आलं. हार्डकोर, म्हणजे भरधाव, कर्कश पंक वाजवणाऱ्या बँडच्या गाण्यात अकूस्टिक गिटार आणि वर घंटा! कट्टर मंडळी आजही नाकं मुरडतात. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं तेच. ते बाजारात आलं १९८५ मध्ये, म्हणजे बँड मोडून दोन वर्षं होत आली तेव्हा.

पुढे त्यांचं सगळं काम एका सीडीवर आलं: २६ गाणी, साधारण पाऊण तास. बस, एवढाच बँड. पण तो आहे. आमचाही डोंबिवलीत एक बँड होता. तोही मोडला. आमच्याकडे तळघर नव्हतं आणि तळघरवाला माणूसही नव्हता, त्यामुळे आम्ही चांगले होतो की भिकार, हे आता आम्हालाही सांगता येणार नाही. माझ्या मते भिकारच, पण गिटारवाला मान्य करत नाही, आणि त्याला खोटं पाडायला माझ्याकडे टेप नाही.

१९९० मध्ये तुम्ही साउथ ओकलंड स्ट्रीटवर मोठा स्टुडिओ थाटलात. २०२१ मध्ये ती जागा काउंटीने घेतली आणि तो बंद झाला, हे वाचून वाईट वाटलं. तुम्ही पुन्हा घरच्या तळघरात काम सुरू केलंत, हे वाचून तितकंच बरं वाटलं.

एक विचारायचं राहिलं. त्या घंटांची कल्पना नक्की कोणाची? आमच्यात यावरून अजून भांडणं होतात.

आपला,
डोंबिवलीचा एक जुना ड्रमर