डास ‘सरावले’ नाहीत

संपादक महोदय,
स. न.

डासांवरच्या फवारणीची बातमी आली की ‘डास औषधाला सरावले’ हे वाक्य ठरलेलेच. प्रतिजैविकांबद्दलच्या मजकुरातही जंतू असेच ‘सरावतात’. शब्द सुटसुटीत आहे, मथळ्यात मावतो, वाचणाऱ्याला चटकन कळल्यासारखे वाटते. माझी तक्रार नेमकी त्या कळल्यासारखे वाटण्याबद्दल आहे.

सरावतो तो एकटा जीव. थंड पाण्याला अंग सरावते, अंधाराला डोळे सरावतात. फवारणीत सापडलेला डास मात्र सरावत बसत नाही, मरतो. त्या विषाला दाद न देण्याजोगा काही फरक ज्यांच्या अंगी मुळातच होता, असे थोडे मागे उरतात आणि पुढची अंडी तेच घालतात. काही पिढ्यांनी तिथले बहुतेक डास त्यांच्याच वंशातले असतात. बदल एका डासात झालेलाच नसतो, डासांच्या गणनेत झालेला असतो. डार्विनची ‘नैसर्गिक निवड’ ती हीच. असा फरक औषध चालू असतानाही उपजू शकतो. पण औषध आले म्हणून, त्यावर तोडगा म्हणून तो उपजत नाही.

याला पुरावा काय, असे कोणी विचारील. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याने १९५२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगत असे. जंतू वाढवलेल्या एका बशीवर त्यांनी मखमलीचा तुकडा अलगद दाबला. मखमलीच्या लवीला जंतू चिकटले. तोच तुकडा मग शिक्क्यासारखा दुसऱ्या बशांवर उमटवला. या बशांत स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक घातलेले होते. जवळजवळ सारे जंतू मेले, मोजके ठिपके वाढले. आणि ते एकामागून एक बशांत त्याच त्या जागी वाढले. औषधाशी झगडून जंतू बदलत असते, तर प्रत्येक बशीत वेगळेच कुठले तरी तगले असते. जागा एकच येते याचा अर्थ ते मूळ बशीत आधीपासून तिथे होते. मग त्या जागेवरचे जंतू मूळ बशीतून उचलायचे, वाढवायचे, पुन्हा शिक्का मारायचा, असे करत त्यांनी औषधाचे तोंडही न पाहिलेले प्रतिकारक जंतू वेगळे काढून दाखवले. (१९५८ च्या नोबेलमध्ये जोशुआ यांचे नाव होते, एस्थर यांचे नव्हते. निवड सगळीकडेच नैसर्गिक नसते!)

उत्तरपत्रिकांत मला हमखास भेटणारे वाक्य म्हणजे ‘उंचावरचा पाला मिळावा म्हणून जिराफाने मान लांब केली’. त्यातला ‘म्हणून’ खोडताना किती लाल शाई गेली, याचा हिशेब नाही. ‘सरावले’ हे त्या ‘म्हणून’चेच भावंड आहे.

दुसरी गफलत ‘बळी तो कान पिळी’ या चालीवर डार्विन सांगण्याची. हे भाषणांत फार चालते. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ या ज्या इंग्रजी शब्दप्रयोगाचे आपण ‘बलवान तोच टिकतो’ असे करून टाकले, तो १८६४ मध्ये हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने वापरला आणि निवडीची कल्पना स्वतंत्रपणे मांडणारे निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस यांच्या आग्रहावरून डार्विनने १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतला. त्यातला ‘फिट’ व्यायामशाळेतला नाही. सदरा अंगाला ‘फिट बसला’ म्हणतो, त्यातला आहे. अंग बदलले की तोच सदरा उसवतो.

आणि नुसते टिकून तरी काय होते? हवाई बेटांपैकी कावाई बेटावरचे रातकिडे पाहा. नर पंखांवर पंख घासून किरकिरतो, त्या आवाजावर मादी येते. पण त्याच आवाजावर एक परजीवी माशीही येते. तिच्या अळ्या रातकिड्याच्या अंगात शिरतात, आतून त्याला खातात आणि आठवडाभराने बाहेर पडतात, रातकिडा संपतो. म्हणजे ज्या गुणावर वंश चालायचा, तोच गुण जिवावर उठलेला. जीवशास्त्रज्ञ मार्लीन झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००३ मध्ये हे बेट जवळजवळ मुके झालेले आढळले. रातकिडे मात्र भरपूर होते. नव्वद टक्क्यांहून अधिक नरांच्या पंखांवर आवाज काढणारी रचनाच धड नव्हती. वीसहून कमी पिढ्यांत हा पालट झाला होता.

खरी गंमत पुढे आहे. मुका नर माशीपासून वाचला, पण मादीला बोलावणार कसा? तर उरल्यासुरल्या गाणाऱ्या नराच्या आसपास तो ठाण मांडतो आणि गाणे ऐकून आलेल्या मादीला वाटेतच गाठतो. गाणारा जीव धोक्यात घालतो, मुका आयत्या बिळावर नागोबा होतो. मुकेपण हा एरवी दोषच, पण माशी असलेल्या बेटावर त्याचीच पिल्ले जास्त. निवड हिशेब ठेवते तो पुढच्या पिढीत कोणाची किती पिल्ले उरली, एवढाच. शेजारच्या ओआहू बेटावरही मुके नर सापडले, आणि तिथला जनुकीय बदल स्वतंत्रपणे, वेगळाच झालेला निघाला.

‘चांगला गुण’ हा शब्दही म्हणूनच जपून वापरावा. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस द्वीपसमूहाच्या डॅफ्ने मेजर बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने फिंच पक्ष्यांच्या चोची वर्षानुवर्षे मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या. तिथल्या मध्यम आकाराच्या फिंच जातीचे सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले. कठीण बिया फोडणारे जाड चोचीचे पक्षी अधिक वाचले, पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. मग १९८३ च्या सुमारास अतोनात पाऊस, बारीक बियांचे रान, आणि त्यानंतर सरशी लहान चोचींची. ज्याला आपण प्रगती म्हणतो ती यात शोधून सापडणार नाही. मोझांबिकमधल्या गोरोंगोसा अभयारण्यात १९७७ ते १९९२ च्या यादवीत सुळ्यांसाठी हत्ती मारले गेले, तेव्हा बिनसुळ्यांच्या माद्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून ५० टक्क्यांच्या आसपास गेले. त्यांना वाचवणारे जनुक नर गर्भाला बहुधा जगू देत नाही, असे त्यांच्या जनुकीय तपासणीतून दिसते.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी ‘डास सरावले’ऐवजी ‘औषधाने न मरणाऱ्या डासांचीच पैदास वाढली’ असे छापता येईल का? मथळ्याची एक ओळ वाढेल, याची मला कल्पना आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक